जोडे शिवणाऱ्या केरीची पाच एकर बाग



कोकणात किंवा सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात कुंभ्याचं झाड तुम्ही पाहिलं असेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला मोठी पांढरी, झुपकेदार फुलं येतात, मग हिरवी गोल फळं धरतात. पूर्वी त्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळत. या झाडाचं शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. यातलं केरिया हे नाव एका माणसावरून पडलं आहे. त्या माणसाचं नाव विल्यम केरी. डॉ. रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या या मित्राचं नाव झाडाला दिलं.

केरी इंग्रज, धंद्याने जोडे शिवणारे, पुढे ख्रिस्ती धर्मप्रचारक झाले आणि बंगालमध्ये आले. धर्मप्रसार हाच त्यांचा मूळ हेतू होता. त्याबद्दल ज्याचं त्याने मत ठेवावं. पण त्यांनी रोजचा दिवस कसा घालवला, शेतीकडे कसं पाहिलं आणि त्यांच्या घरात काय घडलं, हे शेती करणाऱ्या माणसाने जाणून घेण्यासारखं आहे.

ऊन सोसत नव्हतं म्हणून जोडे शिवले

केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेचे मास्तर. मुलाला झाडाझुडपांचं वेड. त्याने शेतात कामाला सुरुवात केली, पण ऊन लागलं की कातडीला त्रास व्हायचा. म्हणून वडिलांनी त्याला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. ज्याला इंग्लंडचं ऊन सोसवलं नाही, तो पुढे बंगालच्या उन्हात एकेचाळीस वर्षं राहिला आणि एकदाही मायदेशी परतला नाही.

जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा भाषा शिकून घेतल्या. आपल्या अंगी विशेष हुशारी नाही, नेट लावून रेटत राहणं तेवढं जमतं, असं ते स्वतःबद्दल सांगत. बैल नांगराला जुंपला की तास संपेपर्यंत चालतो, तशातलाच हा प्रकार म्हणा.

डोरोथीबाईंनी मोजलेली किंमत

आता या गोष्टीची दुसरी बाजूही बघा. १७८१ साली केरींचं लग्न डोरोथी यांच्याशी झालं. त्यांना सही करता येत नव्हती. १७९३ साली नवऱ्याने हिंदुस्थानात जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. लहान मुलं पदरात, त्यात नुकतंच बाळंतपण. शेवटी आग्रहापुढे मान तुकवून त्या निघाल्या, तेही बहीण सोबत येत असेल तर, या अटीवर. नोव्हेंबर १७९३ मध्ये सगळे कलकत्त्याला उतरले.

पैसे लवकरच संपले. १७९४ साली केरींनी सुंदरबनाच्या कडेला जंगल तोडून शेत करायला घेतलं. तिथे वाघाचं भय आणि रोगट हवा. काही महिन्यांतच माल्दा भागातल्या मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, म्हणून ते तिकडे गेले. तिथे त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. डोरोथीबाईंच्या मनाने हा घाव झेलला नाही. त्यांना वेड लागलं आणि डिसेंबर १८०७ मध्ये मरेपर्यंत त्या बऱ्या झाल्या नाहीत. शेजारच्या खोलीत बायकोचा आक्रोश चालू असे आणि केरी टेबलाशी बसून भाषांतर करत, असे कित्येक दिवस गेले.

केरींचं मोठेपण सांगताना हा भाग गाळून चालणार नाही. त्यांच्या चिकाटीची किंमत आधी त्या बाईने मोजली. आपल्याकडेही नवी विहीर, नवं पीक, नवं कर्ज असे निर्णय बरेचदा घरच्या बाईला न विचारताच होतात आणि बुडालं तर झळ तिलाच आधी लागते.

घड्याळाला बांधलेला दिवस

जानेवारी १८०० मध्ये केरी श्रीरामपूरला आले. आपल्या राज्यातलं श्रीरामपूर नव्हे, हे कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठावरचं. तेव्हा तिथे डेन्मार्कचं राज्य होतं, म्हणून कंपनी सरकारचा अडसर नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी छापखाना घातला. सगळ्यांची कमाई एका थैलीत आणि जेवण एका पंगतीत, असा कारभार होता. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना शिकवण्याची नोकरी लागली. पगार पाचशे रुपये, पुढे हजार झाला. त्यातली मोजकी रक्कम स्वतःला ठेवून बाकीचा पैसा ते थैलीत टाकत.

१८०६ सालातल्या त्यांच्या कलकत्त्यातल्या एका दिवसाचा हिशेब उपलब्ध आहे. पावणेसहाला उठणं, हिब्रूचं वाचन, सातपर्यंत प्रार्थना. मग नोकरचाकरांसह बंगालीत प्रार्थना. चहा होईतो मुनशीबरोबर फारसी, न्याहारीआधी थोडं हिंदुस्थानी. न्याहारीनंतर पंडितांबरोबर रामायणाचं इंग्रजी भाषांतर, दहा वाजेपर्यंत. मग दुपारपर्यंत कॉलेज. परतल्यावर छपाईची मुद्रितं तपासायची. जेवण झालं की सहापर्यंत संस्कृत भाषांतर, मग तेलुगू पंडित, साडेसातला प्रवचन. नऊनंतर पुन्हा बंगाली भाषांतर, अकराला थांबून पत्रं आणि झोपण्याआधी ग्रीकमधला एक अध्याय.

हे एखाद्या दिवसापुरतं नव्हतं. आठवड्यातले काही दिवस कलकत्त्याला, बाकीचे श्रीरामपूरला, ये-जा होडीने, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. याच शिस्तीतून आपल्या मराठीचंही काम झालं. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते.

११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. कागद, टाइप आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. पण टाइप पाडायचे मूळ ठसे वाचले होते. वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा टाइप ओतले आणि थोड्याच महिन्यांत छापखाना चालू झाला. बियाणं शिल्लक असलं की दुबार पेरणी करता येते, तसंच हे झालं.

शार्लटबाईंचं घर

मे १८०८ मध्ये केरींनी शार्लट रुमोर यांच्याशी दुसरं लग्न केलं. दोघं एकाच वयाची, सत्तेचाळिशीतली. त्या डेन्मार्कच्या राज्यातल्या खानदानी घरातल्या, उबदार हवा मानवेल म्हणून श्रीरामपूरला येऊन राहिलेल्या. प्रकृती इतकी नाजूक की जिना चढता येत नसे. पण त्यांना युरोपातल्या अनेक भाषा येत होत्या, इथे आल्यावर इंग्रजी शिकल्या, बंगालीचाही अभ्यास केला. नदीकाठचं स्वतःचं घर त्यांनी मिशनला दिलं आणि त्याचं भाडं देशी प्रचारकांच्या पोटापाण्याला लावलं.

या घरात काम दोघांचं होतं. नवरा भाषांतर करी, बायको त्याच्याबरोबर मजकूर वाचे, वेगवेगळ्या भाषांतल्या प्रती ताडून पाही. पहिल्या संसारात जे जमलं नाही ते इथे तेरा वर्षं जमलं, कारण ही बाई कामात मनापासून उतरली होती. मे १८२१ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर काही काळाने केरींनी ग्रेस ह्यूज या विधवेशी लग्न केलं. म्हातारपणी दुखण्याखुपण्यात त्यांनीच केरींना सांभाळलं.

पाच एकर बाग आणि शेतीचं काम

केरींचा विसावा एकच, बाग. श्रीरामपूरला सुमारे पाच एकरात त्यांनी देशोदेशीची झाडं लावली, जातकुळीप्रमाणे वाफे पाडले, माळ्यांना झाडांची नावं शिकवली. एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून झाल्यावर पिशवीतली माती त्यांनी फेकून न देता एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे त्यांच्या लहानपणची डेझीची फुलं उगवली.

बाग हौसेची होती, शेतीकडे मात्र ते वेगळ्या नजरेने पाहत. निळीच्या कारखान्यावर असतानाच दिनाजपूर भागातली जमीन, पिकं, अवजारं, गुरं यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली होती. ती पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात छापून आली. रयत कर्जात रुतली आहे आणि सावकाराचं व्याज भरमसाट आहे, हे त्यांना दिसत होतं. १८१९ साली श्रीरामपूरला बचत बँक काढण्यात त्यांचा पुढाकार होता. गरिबाची चार पैशांची शिल्लक सुरक्षित राहावी, हा त्यामागचा विचार.

१८२० साली त्यांनी शेती सुधारणेच्या संस्थेची योजना पत्रक काढून मांडली आणि १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्यात ती स्थापन झाली. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ती आजही तिथे आहे. इंग्रज साहेबांइतकंच देशी जमीनदारांनीही सभासद व्हावं, हा केरींचा आग्रह होता. खत, पिकांची फेरपालट, चांगलं बियाणं, फळझाडं, गुरांची पैदास, पडीक जमीन हे त्यांचे विषय. चांगली भाजी पिकवणाऱ्या देशी माळ्यांना संस्थेने बक्षिसं दिली. आजच्या पीक स्पर्धा आणि प्रदर्शनं यांचीच ही जुनी पावलं म्हणायला हरकत नाही.

एक रविवार आणि एक पूर

ठरलेला क्रम मोडायचा कधी, हेही त्यांना कळत होतं. १७९९ साली त्यांनी नदीकाठी एक बाई सती जाताना पाहिली, अडवायचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि बंगाली भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवार, त्यांचा प्रार्थनेचा आणि प्रवचनाचा. त्यांनी प्रवचनाला दुसरा माणूस पाठवला आणि पंडिताला घेऊन संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरं केलं. एका दिवसाच्या दिरंगाईने कुणाचा तरी जीव जाईल, हा त्यांचा हिशेब.

निसर्गाने त्यांनाही सोडलं नाही. ऑक्टोबर १८२३ मध्ये होडीतून उतरताना ते घसरून पडले, कमरेला मार बसला, ताप चढला. ते अंथरुणावर असतानाच दामोदर नदीला पूर आला, बागेत पाणी भरलं आणि वर्षानुवर्षं जमवलेली झाडं गेली. पुढे कित्येक महिने ते कुबड्यांवर चालत होते. वय बासष्ट. तरी पाणी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा वाफे घातले.

अखेरच्या दिवसांत त्यांना खुर्चीत बसवून बागेत नेत. तेही होईना, तेव्हा मुख्य माळी बिछान्याशी येऊन झाडांची खबर सांगे. आपल्यामागे बागेत गुरं शिरतील, ही काळजी त्यांना शेवटपर्यंत होती. ९ जून १८३४ रोजी ते वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणे शार्लटबाईंच्या शेजारी, साध्या दगडाखाली त्यांना पुरलं.

आपण काय घ्यायचं?

केरींसारखा दिवस आपल्याला जमणार नाही आणि जमवायची गरजही नाही. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. एक, रोजच्या कामाची वेळ ठरवा आणि वहीत नोंद ठेवा. पेरणी, खत, फवारणी, खर्च, सगळं. दोन, पूर, आग, गारपीट काहीही येवो, मूळ बियाणं आणि थोडी शिल्लक बाजूला सांभाळा, म्हणजे पुन्हा उभं राहता येतं. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठा निर्णय घेण्याआधी घरच्या लक्ष्मीला विचारा. तिच्या नकाराचं कारण ऐकून घ्या. डोरोथीबाईंचा नकार कुणी ऐकला नाही, शार्लटबाईंचा हात मात्र कामाला लागला. एकाच माणसाचे हे दोन संसार, फरक तुम्हीच पाहा.

ग्रामसेवक, तलाठी आणि आम्हा विस्ताराच्या कामातल्या लोकांसाठीही यात एक गोष्ट आहे. केरींनी शेतकऱ्याला सल्ला देण्याआधी त्याची जमीन, अवजार आणि कर्ज नीट पाहून लिहून काढलं. आपणही सल्ला देण्याआधी बांधावर जाऊन तेवढं पाहायला हवं.