हजार येनमधली लाट

बँकेत बत्तीस वर्षे नोटा मोजल्या, पण नोटेवरचे चित्र कधी निरखून पाहिले नाही. मागच्या वर्षी मुलाबरोबर टोकियोला गेलो, तेव्हा मात्र हजार येनची एक नोट न मोडता जपून आणली. जुलै २०२४मध्ये निघालेल्या या नोटेच्या मागच्या बाजूला होकुसाईची ती प्रसिद्ध लाट आहे.

कात्सुशिका होकुसाई १७६०मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत जन्मला. अठरा-एकोणिसाव्या वर्षी कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराच्या हाताखाली राहून तो नटांची चित्रे काढू लागला. पुढे आयुष्यभरात त्याने तीसेक नावे बदलली. घरे तर नव्वदांहून अधिक, असे सांगतात. असा खातेदार आमच्या शाखेत असता, तर सही जुळवता जुळवता कारकून वेडा झाला असता!

नाव झाले, पण पैसा टिकला नाही. १८२८मध्ये पत्नी गेली. नातवाने जुगारात केलेली कर्जे म्हाताऱ्याच्या गळ्यात आली. अशा दिवसांत, १८३१च्या सुमारास, त्याने फुजी पर्वताची चित्रमालिका हाती घेतली. ठरली होती छत्तीस चित्रे. लोकांना ती इतकी आवडली, की आणखी दहा काढावी लागली. लाट त्यांतलीच. वाकलेले नावाडी, प्रशियन निळ्या रंगाचे उसळते पाणी आणि मागे इवलासा फुजी. तेव्हा होकुसाईने सत्तरी गाठली होती. त्याआधीचे आपले काम फारसे जमेस धरू नये, असे त्याचे स्वतःचेच मत होते.

१८३९मध्ये घराला आग लागली आणि बरेचसे काम जळाले. त्याने पुन्हा कुंचला उचलला. नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी ओई सोबत होती. तीही उत्तम चित्रकार. १८४९मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

टोकियोतल्या सुमिदा होकुसाई संग्रहालयात त्या बापलेकीचे पुतळे आहेत. पाठीवर रजई घेऊन म्हातारा कागदावर ओणवा झालेला, लेक शेजारी बसलेली. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. साठीनंतरची माझी कादंबरी एका प्रकाशकाकडून परत आली होती आणि तीन वर्षे मी लेखणीला हात लावला नव्हता. आता वय झाले, हे कारण घरी सगळ्यांना पटलेही होते. त्या पुतळ्यापुढे मात्र ते सांगायची मला लाज वाटली.

नोट आता टेबलाच्या काचेखाली आहे. बदलून का घेत नाही, असे नातू विचारतो. मी हसतो आणि लिहायला बसतो. कालच एकेचाळिसावे पान झाले.