शेवटच्या ओळीतले नाव

नोकरीची बरीच वर्षे शिरूर आणि दौंडच्या शाखांत गेली. एकदा एक फडमालक कर्जाला आला. हातात जत्रांच्या सुपाऱ्या होत्या, तारण मात्र नव्हते. नियमावर बोट ठेवून मी अर्ज परत केला. त्या रात्री मला पठ्ठे बापूराव आठवले.

रेठरे हरणाक्षच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरी १८६६ साली श्रीधर जन्मला. पण ढोलकीने असे वेड लावले, की पुढे त्यांनी घर सोडले, जातीचा मानही सोडला. संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली पवळा त्यांच्या फडात आली आणि या जोडीने मुंबई गाजवली. गण, गौळण, लावणी, वग. बापूरावांनी तमाशाचे सारे अंग आपल्या शब्दांनी भरून काढले. पुढे पवळा दुरावली, पैसा गेला. १९४५च्या डिसेंबरात पुण्यात ते विपन्नावस्थेत वारले. पाचच वर्षांनी, १९५०मध्ये, त्यांच्या नावाचा चित्रपट पडद्यावर आला!

आमच्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर २०२१ साली गेले. तेही जन्मभर तमाशासाठी लिहीत राहिले. वाट बापूरावांचीच.

लावणीच्या शेवटच्या ओळीत शाहीर आपले नाव गुंफतो. ती ओळ येईपर्यंत शिट्ट्यांत सारे बुडून गेलेले असते. पुढच्या जत्रेत तेवढी एक ओळ कान देऊन ऐका. मला ती फार उशिरा ऐकू आली.