आल्फ्रेड नोबेल : एका द्रवाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आल्फ्रेड नोबेल हे कारखानदारही होते, आणि त्यांच्या आयुष्याच्या जमाखर्चाने मला फार विचार करायला लावले.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. त्याच वर्षी वडिलांचे दिवाळे निघाले. पुढे वडिलांनी रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे जम बसविला व १८४२ साली कुटुंब तिकडे गेले. सोब्रेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८४७ साली नायट्रोग्लिसरीन हा तेलकट द्रव तयार केला होता. जरा धक्का लागताच त्याचा स्फोट होई. नोबेल यांनी त्याला कामाला लावण्याचा ध्यास घेतला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमच्या कारखान्यात स्फोट होऊन त्यांचा धाकटा भाऊ एमिल मरण पावला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८६७ साली हा द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवून त्यांनी डायनामाइट बनविले. खाणी व बोगद्यांची कामे झपाट्याने होऊ लागली. युद्धालाही नवी साधने मिळाली. नोबेल धनाढ्य झाले.

कारखान्यातील कामगारांचे डोके मात्र ठणकत असे. १८७९ साली लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी हाच द्रव अत्यल्प प्रमाणात दिल्यास हृदयशूळ थांबतो, असे दाखविले. माझ्या आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते, तीही याच जातीची.

पुढे खुद्द नोबेल यांनाच हृदयविकार जडला व डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिले! लोक घाबरू नयेत म्हणून औषधाला ट्रायनायट्रिन म्हणत. दैवाच्या या थट्टेचा उल्लेख नोबेल यांनी एका पत्रात केला आहे. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. औषध नेमके काय करते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

१९७७ साली फेरिड म्युराड यांना आढळले की, या औषधातून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखविले की, रक्तवाहिनीचे आतले अस्तर एक द्रव्य सोडते व त्यामुळे वाहिनीचे स्नायू सैल पडतात. ते द्रव्य म्हणजे हाच वायू, असे १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे मांडले. निरोगी शरीर तो स्वतःच तयार करते. काही क्षणच टिकणारा हा वायू वाहिन्या रुंद ठेवतो, रक्तदाब आवरतो आणि गुठळ्या होऊ देत नाही. डोक्यातील वाहिन्या रुंदावल्या की डोके ठणकते. म्हणजे कामगारांचे दुखणे आणि रोग्याचा आराम यांचे मूळ एकच!

नोबेल अविवाहित होते. १८९५ च्या मृत्युपत्राने त्यांनी बहुतेक संपत्ती पारितोषिकांसाठी ठेवली. १९९८ साली वरील तिघांना वैद्यकशास्त्राचे पारितोषिक मिळाले ते त्याच निधीतून. एमिलचा जीव घेणाऱ्या द्रवाची ही जमेची बाजू मांडली गेली, तेव्हा खातेदाराला जाऊन १०२ वर्षे झाली होती.