सर रतन टाटा आणि त्यांचा चिनी कलासंग्रह

सुप्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे कनिष्ठ चिरंजीव रतन यांचा जन्म ता. २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईस झाला. २०२४ साली निवर्तलेले रतन टाटा ते हे नव्हेत. ते यांच्या पत्नीने पुढे दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे पुत्र होत. आपल्या चरित्रनायकाचे उच्च शिक्षण मुंबईच्या सेंट झेविअर कॉलेजात, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली झाले. १८९२ साली नवाजबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते.

वडील १९०४ साली वारल्यावर कारखान्यांचा मोठा भार थोरले बंधू दोराबजी यांनी उचलला. रतनजीही पेढीचे भागीदार होते. परंतु त्यांच्या मनाचा ओढा व्यापारापेक्षा दानाकडे आणि कलेकडे अधिक होता. दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजुरांच्या हक्कांसाठी गांधीजी झगडत होते, तेव्हा १९०९ साली त्यांनी २५ हजार रुपये पाठविले आणि पुढे वेळोवेळी देणग्या देऊन ही रक्कम सव्वा लाखापर्यंत नेली. गोखल्यांच्या भारत सेवक समाजासही ते साहाय्य करीत. प्राचीन पाटलिपुत्राच्या उत्खननासाठी सरकारास वर्षास २० हजार रुपये देण्याचे त्यांनी मान्य केले, व १९१३ पासून स्पूनरसाहेबांच्या देखरेखीखाली पाटण्याजवळ कुम्हरार येथे मौर्यकालीन स्तंभमंडपाचे अवशेष उजेडात आले.

अशा पुरुषास चिनी वस्तूंचा छंद लागावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. लंडनजवळ ट्विकनहॅम येथील यॉर्क हाउस हा वाडा त्यांनी १९०६ साली विकत घेतला. जेडच्या कोरीव वस्तू, चिनी मातीची भांडी, तपकिरीच्या कुप्या आणि त्यांच्या जोडीला जपानी व युरोपीय कलाकृती असा मोठा संग्रह त्यांनी जमविला. श्रीमंतांच्या घरी असले सामान शोभेसाठी पुष्कळच असते. पण चिनी वस्तू नुसत्या शोभेच्या नसतात, त्या वाचावयाच्या असतात.

आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरले तर अपशकुन मानतात. चिनी भाषेत मात्र वटवाघूळ व सुदैव या दोन शब्दांचा उच्चार एकच, ‘फू’, असल्यामुळे थाळीवर पाच वटवाघळे काढली की दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड व शांत मरण या पाचही सुखांचा आशीर्वाद होतो. मासा म्हणजे घरात काही उरून राहो अशी इच्छा, पीच फळ म्हणजे दीर्घायुष्य. पाच नखांचा अजगरासारखा ‘ड्रॅगन’ बादशहाचा. इतरांनी तो वापरणे म्हणजे मर्यादेचे उल्लंघन. जेड तर तेथे सोन्याहून श्रेष्ठ, कारण स्पर्शाला मऊ आणि फोडावयास कठीण असा हा दगड त्यांना सज्जनाचे प्रतीक वाटतो. तो छिन्नीने कोरता येत नाही. कठीण वाळूची पूड व पाणी घालून दिवसचे दिवस घासावा लागतो. आपल्या मणिबेलीपासून नर्मदेच्या खालच्या अंगास, राजपिपळ्याच्या डोंगरांत निघणारा अकीक खंबायतचे कारागीर घासून सिद्ध करतात, त्याच जातीची ही चिकाटी. तपकिरीच्या चिनी कुप्याही कित्येकदा अकीकाच्याच असत.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. जमशेटजी १८५९ साली हाँगकाँगला गेले, तेव्हा मुंबईच्या इतर पेढ्यांप्रमाणे त्यांच्या पेढीचाही व्यापार कापसाचा आणि अफूचा होता. तिकडून चहा, रेशीम, कापूर येई. अफूने चीनचे किती नुकसान झाले आणि तिच्यापायी दोन युद्धे कशी झाली, हे इतिहास वाचणारास सांगावयास नको. दुसऱ्या युद्धात, १८६० साली, पेकिंगजवळचा बादशहाचा उद्यानमहाल इंग्रज व फ्रेंच सैन्याने लुटला आणि तेथील कलावस्तू युरोपच्या बाजारात आल्या. रतनजींनी स्वतः अफू विकली असे नव्हे. तरीही ज्या देशाशी घराण्याचा असा संबंध आला, त्याच देशाची कारागिरी पुत्राने इतक्या आदराने जपली, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगे स्थळ वाटते.

१९१६ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. तोपर्यंत प्रकृती ढासळली होती. उपचारासाठी ते इंग्लंडास गेले व ता. ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आयव्हज या समुद्रकाठच्या गावी वारले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत, जेथे वडिलांना ठेविले होते, तेथेच त्यांनाही ठेवण्यात आले.

संपत्तीचा मोठा भाग त्यांनी धर्मादायासाठी ठेविला होता. त्यातून १९१९ साली त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला. कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाला. ही इमारत महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली होती. १९२२ च्या जानेवारीत ती संग्रहालय म्हणून उघडली. पुढे १९३३ साली दोराबजींचा संग्रहही तेथेच आला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वास्तूत, यॉर्क हाउसमधील मोजक्या पाहुण्यांनी पाहिलेल्या त्या वस्तू आता तिकीट काढून आलेल्या कोणाही शाळकरी मुलास पाहता येतात.