ताराबाईंचं टायमिंग

डोक्यात काहीतरी नवीन शिजतंय, पण ते आत्ता मांडायचं की थोडं थांबायचं? कॉलेजात हा प्रश्न तुम्हाला पडतोच. मग आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंची गोष्ट वाचा.

जन्म 1850 चा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला. इथपर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशी, मग अपिलात काळ्या पाण्याची शिक्षा. विधवेला पुनर्विवाहाची परवानगी देणारा कायदा 1856 पासून होता, पण कागदावरच. पेपरांमधून मात्र एकच सूर लागला : हल्लीच्या बायकाच बिघडल्या. त्यात 'पुणे वैभव'ही होतं.

ताराबाईंनी हीच वेळ पकडली. विषय लोकांच्या तोंडी होता, राग ताजा होता. पुढच्याच वर्षी, 1882 ला, पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून 'स्त्री-पुरुष तुलना' बाहेर आलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. आणि मांडणी काय, तर बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती आहे ते बिनधास्त मोजून दाखवायचं. बायको गेली की पुरुषाने लगेच दुसरी करायची, आणि नवरा गेला की बाईने केस उतरवून कोपऱ्यात बसायचं, हे कुठल्या न्यायाने? भाषा एकदम घरातली, तिखट. आजही वाचताना चटका बसतो.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. छे! टवाळीच जास्त झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

म्हणजे टायमिंग चुकलं का? मला तसं वाटत नाही. समाज तयार होईपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर खटला विसरला गेला असता आणि पेपरवाल्यांचं म्हणणं तसंच खरं ठरून बसलं असतं. पण वेळ बरोबर असली म्हणजे टाळ्या मिळतातच असंही नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि ती नऊ आण्यांपेक्षा फार जास्त होती.

पुस्तक जवळपास विस्मरणात गेलं. 1975 मध्ये, म्हणजे 93 वर्षांनी, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. योगायोग बघा, ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी इंग्रजीत आणलं. पुस्तक तसं छोटंसंच आहे, एका बैठकीत संपतं. तुमच्या लायब्ररीत विचारून बघा, नसेल तर मागवायला लावा.