सन्मान ऑस्करचा, जागा भिंतीलगतची

२९ फेब्रुवारी १९४० ची रात्र. लॉस एंजलिसच्या ॲम्बॅसॅडर हॉटेलातील ‘कोकोनट ग्रोव्ह’ दालनात ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. ‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट एकामागून एक पारितोषिके पटकावत होता. त्याचे कलावंत एकत्र बसले होते. त्यातील एक अभिनेत्री मात्र दूर, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर होती. कृष्णवर्णीयांना मज्जाव असलेल्या त्या हॉटेलात तिला प्रवेश मिळावा म्हणून निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना खास विनंती करावी लागली होती. त्याच रात्री सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून तिचे नाव पुकारले गेले आणि हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली.

हॅटीचा जन्म १८९३ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला. तेरा भावंडांतील ती सर्वांत धाकटी. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते; पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. घरात दारिद्र्य होते, तसेच गाणेही होते. कुटुंब कोलोरॅडोतील डेन्व्हरला स्थिरावल्यावर हॅटी भावंडांबरोबर रंगमंचावर उतरली. पुढे जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदात ती गाऊ लागली आणि स्वतः रचलेल्या ब्लूज गीतांच्या ध्वनिमुद्रिकाही तिने काढल्या.

१९२९ च्या आर्थिक मंदीने हे सारे हिरावून घेतले. मिलवॉकीजवळच्या एका क्लबमध्ये तिला प्रसाधनगृहातील सेविकेचे काम पत्करावे लागले. अखेर त्याच क्लबमध्ये तिला गाण्याची संधी मिळाली. १९३१ मध्ये ती लॉस एंजलिसला आली. तिची काही भावंडे तेथे आधीच नशीब अजमावत होती. चित्रपटात काम मिळेना तेव्हा हॅटीने घरकाम व स्वयंपाक करून पोट भरले आणि रेडिओवर गाणे चालू ठेवले.

तत्कालीन हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय स्त्रीच्या वाट्याला प्रामुख्याने मोलकरणीचीच भूमिका येत असे. हॅटीलाही तीच मिळाली. अनेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचे नावही झळकले नाही. मात्र मिळालेल्या चौकटीत ती निमूटपणे उभी राहिली नाही. जॉन फोर्ड यांच्या ‘जज प्रीस्ट’मध्ये (१९३४) तिचा आवाज लक्षात राहिला, तर ‘ॲलिस ॲडम्स’मध्ये (१९३५) यजमानांचा बडेजाव तिने केवळ चेहऱ्यावरील निर्विकार कंटाळ्याने उघडा पाडला. ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमी कागदावर एक गुलाम दाई होती, पडद्यावर मात्र स्कार्लेटला फटकारणारी, तिची लबाडी पुरती ओळखणारी करारी स्त्री दिसली. बॉनी या चिमुरडीच्या मृत्यूनंतर जिना चढता चढता मेलनीपाशी घरातील दुःख रडत उघड करणारी मॅमी हा त्या प्रदीर्घ चित्रपटातील सर्वांत हेलावून टाकणारा प्रसंग मानला जातो.

याच चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे झाला, तेव्हा जॉर्जिया राज्यातील वर्णभेदी कायद्यांमुळे हॅटीला तेथे उपस्थित राहता आले नाही.

पुरस्कारानंतर भूमिका बदलतील, ही आशा फोल ठरली. पुन्हा मोलकरणीच वाट्याला आल्या. आणि आता टीका स्वकीयांकडूनही होऊ लागली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ पासून चित्रपटसंस्थांकडे अशा साचेबंद भूमिका थांबविण्याचा आग्रह धरला. ही प्रतिमा समाजाला मागे खेचते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. खरीखुरी घरकामे केलेल्या हॅटीला मात्र वाटे, की या भूमिका गेल्या तर कलावंतांची रोजीरोटीच जाईल. दोन्ही बाजूंत तथ्य होते आणि त्याची झळ एकट्या हॅटीला सोसावी लागली.

पडद्याबाहेर तिने दिलेली लढाई तुलनेने कमी ठाऊक आहे. लॉस एंजलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स भागात तिने प्रशस्त घर घेतले होते. तेथील काही गौरवर्णीय रहिवाशांनी, मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकू नये या जुन्या कराराचा आधार घेऊन तिला व तिच्या शेजाऱ्यांना हुसकावण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. वकील लोरेन मिलर यांनी बाजू मांडली आणि १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे दावा फेटाळला. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. त्याआधीच्या लढ्यातील हा महत्त्वाचा टप्पा होता.

१९४७ मध्ये ‘ब्यूला’ या रेडिओ मालिकेची ती नायिका झाली. भूमिका पुन्हा मोलकरणीचीच. पण राष्ट्रीय प्रसारणात मुख्य भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. मालिका दूरचित्रवाणीवर आल्यानंतर तिने काही भागांत काम केले, तोच स्तनाच्या कर्करोगाने तिला गाठले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी तिचे निधन झाले. हॉलीवूडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी, ही तिची अखेरची इच्छा होती. ती दफनभूमी गौरवर्णीयांसाठी राखीव असल्याने नकार आला आणि रोझडेल येथे तिचे दफन झाले. हॉलीवूडच्या त्या दफनभूमीत तिचे स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडावे लागले.

तिच्यानंतर अभिनयासाठी ऑस्कर मिळविणारी दुसरी कृष्णवर्णीय स्त्री व्हूपी गोल्डबर्ग. ते वर्ष १९९१ होते. मध्ये ५१ वर्षे गेली. हॅटीने आपले पारितोषिक वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते. पुढे ते तेथून गहाळ झाले आणि पुन्हा सापडले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्कर अकादमीने विद्यापीठाला त्याच्या जागी नवे पारितोषिक दिले.