कॅमेरा घडविणारे मेस्त्री : कै. बाबूराव पेंटर

कोल्हापूरचे कै. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात कलामहर्षी बाबूराव पेंटर, यांचे नाव मराठी चित्रपटाचा इतिहास वाचणाऱ्यांस परिचित आहेच. त्यांच्या चित्रपटांची यादी अनेकांनी दिली आहे. आम्हांस येथे त्यांच्या चरित्रातील एकाच प्रकरणाकडे सभासद कुटुंबांचे लक्ष वेधावयाचे आहे. ते प्रकरण म्हणजे विलायतेहून कॅमेरा न मागविता त्यांनी तो येथेच आपल्या हातांनी सिद्ध केला, हे होय. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या रंधा, कानस आणि भाता यांवर जगल्या. म्हणून या प्रकरणाचे मर्म पुस्तकी पंडितापेक्षा आपल्याच घरांतील मंडळींस अधिक लवकर उमगेल, असा आमचा विश्वास आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, लोखंड, रंग आणि मूर्तिकाम ही त्या घरातील नित्याची कामे असत. बाबूराव चित्रकला व मूर्तिकला शिकले ते या घरात, कलाशाळेत नव्हे. त्यांचे चुलत बंधू आनंदराव हेही तसेच कुशल. १९१० ते १९१६ या काळात या दोघा बंधूंनी नामांकित नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले आणि त्या कामावरूनच 'पेंटर' हे नाव त्यांस चिकटले. पुढे 'मेस्त्री' मागे पडले व 'पेंटर' हेच आडनाव झाले. तथापि कॅमेऱ्याच्या कामी जो माणूस पुढे आला तो मेस्त्रीच होता, असे आम्हांस वाटते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. दादासाहेबांनी त्यासाठी १९१२ साली स्वतः लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या बंधूंपाशी विलायतेस जाण्याइतके द्रव्य नव्हते. चित्रपट पाहून दोघेही त्या वेडाने झपाटले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा धंदा करून पाहिला. मुंबईच्या चोरबाजारातून चित्रे दाखविण्याचे एक जुने यंत्र विकत घेतले आणि ते खोलून त्याचा अभ्यास आरंभिला.

येथे कोणी विचारील की, चित्र दाखविण्याच्या यंत्रावरून चित्र घेण्याचे यंत्र कसे होणार? यासाठी आमच्या करकंब-पंढरपूर भागातील वाचकांस समजेल असे एक उदाहरण देतो. जुन्या छायाचित्रकारांकडे लाकडी पेटीचे, भात्याचे कॅमेरे असत व त्यांत काचेच्या प्लेटी घालीत. हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची. फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची. लहान कॅमेऱ्यात मोठी प्लेट घालावयाची, तर त्याची पाठ नव्याने करावी लागते. हे काम सुताराचे. परंतु नुसती चौकट मोठी करून भागत नाही. भिंग जे चित्र पाडते ते वर्तुळाकार असते. हाफ प्लेटीचा कर्ण सुमारे आठ इंच, तर फुल प्लेटीचा सुमारे पावणेअकरा. वर्तुळ तेवढे मोठे नसेल तर प्लेटीचे चारही कोपरे काळे राहतात. शिवाय ज्या दुधी काचेवर चित्र पाहून नेमके करावयाचे, ती काच आणि मागाहून तिच्या जागी येणारी प्लेट ही भिंगापासून तंतोतंत एकाच अंतरावर यावी लागतात. कागदाच्या जाडीचा फरक पडला तरी चित्र पुसट होते. आणि पेटीच्या सांध्यातून सुईच्या अग्राएवढा प्रकाश आत आला की सर्व श्रम वाया.

चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात याच अडचणी राहतात, आणि त्यांत गतीची भर पडते. फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस चार-चार छिद्रे असतात. त्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे १६ चित्रे घेत असत. म्हणजे पट्टीने सेकंदास सोळा वेळा थांबावयाचे व सोळा वेळा पुढे सरकावयाचे. सरकत असता पडदी झाकलेली, थांबली असता उघडी. दाखविण्याच्या यंत्रातही थांबविण्याची व ओढण्याची हीच युक्ती असते, म्हणूनच ते जुने यंत्र गुरुस्थानी ठरले. मात्र त्यात उजेड आतून बाहेर जातो, तर कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड फक्त भिंगातून आणि फक्त नेमक्या क्षणीच आत यावयास हवा. छिद्र केसभर चुकले की पडद्यावर चित्र थरथरते. असे दाते, चाके व झडपा हाताने कापणे म्हणजे काय, हे ज्याने कानस धरली आहे त्यालाच कळेल.

हा उद्योग चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. ज्याच्यासह स्वप्न पाहिले तोच गेला. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले हा शिष्य त्यांस येऊन मिळाला. दोघांच्या खटाटोपास १९१८ साली यश आले आणि कॅमेरा चालू झाला. या यंत्राचे श्रेय एकट्या बाबूरावांस देण्याची रीत पडली आहे. आमच्या मते ते आनंदराव, बाबूराव व दामले या तिघांचे आहे. कोणत्याही कारखान्यात वस्तू अनेक हातांतून जाते. नाव मात्र एकाचेच राहते, ही आपल्या धंद्यातील जुनीच व्यथा आहे.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले. कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. कीचकवधाचा देखावा इतका हुबेहूब वठला की तो पुढे काढून टाकावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. लोकमान्यांचे निधन त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या गौरवाचे मोल कळते.

पुढील कामगिरी थोडक्यात सांगतो. रंगविलेल्या पडद्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष बांधलेली घरे, वाडे व दालने उभी केली. जन्मभर पडदे रंगविलेल्या माणसाने पडदाच बाजूस सारावा, हे विशेष. देखावे व पोशाख ते आधी कागदावर रेखाटून घेत. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये देवादिकांस सोडून कर्जापायी जमिनीस मुकलेल्या शेतकऱ्याची कथा घेतली. त्यातील तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगविला. माणदेश-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या आम्हां लोकांस ही कथा नवी नव्हती, परंतु ती पडद्यावर येणे नवे होते.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे कंपनी सोडून गेले आणि त्यांनी 'प्रभात'ची स्थापना केली. गुरूस हा आघात मोठा असला पाहिजे. ज्या दामल्यांनी कॅमेऱ्याचे दाते घासले, त्यांनीच फत्तेलालांसह १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पंढरीच्या वाटेवरील आमच्या गावांतून तो चित्रपट न पाहिलेला जुना माणूस विरळा.

एक गोष्ट येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या कुटुंबांतील मुले शिकून पुढे गेली, याचा आम्हांस शिक्षक या नात्याने अभिमान आहे. परंतु काही घरांत आजोबांची हत्यारे माळ्यावर गंजत पडली आहेत, आणि पाहुण्यांसमोर 'आमचे वडील मिस्त्री होते' असे सांगण्यास संकोच वाटतो. तो संकोच कशासाठी, हे आम्हांस कळत नाही.

बाबूराव पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. १९३५ साली 'उषा' व १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा बोलपटरूपाने, असे मोजकेच चित्रपट त्यांनी केले. उरलेला वेळ रंग व मूर्तिकाम यांत गेला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा 'सैरंध्री' आज पाहावयास मिळत नाही.